पुण्याच्या थंडीसाठी चामड्याचे जॅकेट निवडताना

पुण्यात चामड्याचे जॅकेट लागते का, हा प्रश्न दिवाळी उलटली की आमच्या घरात आणि शाळेच्या स्टाफरूममध्ये हमखास निघतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पहाटेचे तापमान बहुधा १० ते १४ अंशांच्या आसपास असते, थंडीची लाट आली तर ते ८ अंशांच्याही खाली जाते, आणि त्याच दिवशी दुपारी दोन वाजता पारा २८-३० अंशांवर पोहोचलेला असतो. शहराची आजवरची नीचांकी नोंद १.७ अंशांची आहे, पण ती जानेवारी १९३५ मधली. म्हणजे दिल्ली-चंदीगडसारखी दिवसभर हाडात शिरणारी थंडी आपल्याकडे नसते; आपली थंडी पहाटे आणि रात्री येते आणि मधल्या वेळात जवळजवळ नाहीशी होते. त्यामुळे जॅकेट घेण्यापूर्वी आपण कोणत्या वेळी, कशावरून आणि किती वेळ बाहेर असतो, याचा विचार आधी करावा, असे माझे ठाम मत झाले आहे. दुकानात गेल्यावर रंग, कॉलर आणि खिसे यांतच मन गुंतते आणि हा मुख्य प्रश्न राहून जातो.

मी सकाळच्या सत्रात शिकवते. वारज्याहून कॅम्पात जाण्यासाठी सातच्या आधी स्कूटर काढावी लागते, आणि डिसेंबर-जानेवारीत त्या वेळी नदीकाठच्या रस्त्याला जो गारठा असतो, तो वर्तमानपत्रातल्या आकड्यावरून कळत नाही. ज्याला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात, त्या शिवाजीनगरच्या हवामान खात्याच्या कार्यालयातून जो किमान तापमानाचा आकडा येतो, तो जाळीदार पेटीत ठेवलेल्या तापमापकाचा असतो. शिवाय शहरभर तापमान एकसारखे नसते. पाषाण आणि एनडीएचा मोकळा, झाडीचा परिसर शिवाजीनगरपेक्षाही गार असतो, तर कोरेगाव पार्क आणि मगरपट्टा यांसारख्या दाट वस्तीच्या भागांत पहाटेचे तापमान दोन-चार अंशांनी सहज जास्त असते. त्यातही महत्त्वाची गोष्ट अशी, की आपल्याकडे हिवाळ्यातल्या पहाटे हवा जवळपास स्तब्ध असते. झाडाचे पान हलत नाही. दुचाकीवर आपल्याला जो बोचरा वारा लागतो, तो आपल्याच वेगाने निर्माण केलेला असतो. हवामानशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या सूत्राप्रमाणे तापमान १० अंश असताना ताशी ४० किलोमीटरचा वारा अंगावर घेतला, तर उघड्या त्वचेला ते साधारण ६ अंशांसारखे जाणवते. चालत फिरायला जाणाऱ्या माणसाला आणि हिंजवडीच्या रस्त्यावर दुचाकी पळवणाऱ्या माणसाला एकाच पहाटे वेगवेगळी थंडी लागते ती यामुळे, आणि दोघांना एकच जॅकेट सुचवण्यात अर्थ नाही.

चामडे स्वतः फार ऊबदार असते, ही समजूत मला बऱ्याच जणांत आढळते. ऊब खरे तर अडकलेल्या, स्थिर हवेमुळे राहते, आणि ती हवा धरून ठेवण्याचे काम आतला स्वेटर, अस्तर किंवा लोकर करते. चामड्याचे काम निराळे आहे. त्याचे तंतू इतके दाट गुंफलेले असतात, की वारा त्यातून आरपार जात नाही. विणलेल्या स्वेटरच्या प्रत्येक छिद्रातून दुचाकीवरचा वारा आत शिरतो आणि साठलेली गरम हवा घेऊन जातो. त्याच स्वेटरवर पातळ चामड्याचे जॅकेट चढवले, की तोच स्वेटर दुप्पट ऊब देऊ लागला असे वाटते. हे एकदा लक्षात आले, की पुण्यासाठी जाड, वजनदार जॅकेटच्या मागे लागण्याचे कारण उरत नाही. वारा अडवणारा एक पातळ थर आणि त्याच्या आत हवामानाप्रमाणे घालता-काढता येणारा स्वेटर किंवा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, एवढ्यात आपल्या शहराचा हिवाळा निभावतो.

आता मेंढीच्या लोकरीच्या जॅकेटविषयी, कारण त्याचे आकर्षण मोठे आहे आणि आमच्या घरी त्यावरूनच बरीच चर्चा झाली. धाकटे दीर हिंजवडीत नोकरीला लागले, त्यांची रात्रपाळी सुरू झाली, आणि एक दिवस मोबाइलवर चित्र दाखवत म्हणाले, "वहिनी, मला हे फरवाले घ्यायचे आहे. एकदाच घेतो, चांगले घेतो." मी म्हटले, "भाऊजी, जॅकेट उत्तम आहे, पण तुम्ही ते घालणार कधी आणि काढल्यावर ठेवणार कुठे, एवढे मला सांगा."

शिअरलिंग म्हणून जे विकले जाते, त्यात मेंढीचे कातडे लोकरीसकट कमावलेले असते. लोकर एकसारख्या लांबीची कापून आतल्या बाजूला ठेवतात आणि कातड्याची मऊ, मखमली बाजू बाहेर येते. वारा अडवणारा थर आणि ऊब धरणारा थर निसर्गतःच एकमेकांना जोडलेले असल्यामुळे याच्याइतके ऊबदार वस्त्र दुसरे क्वचितच सापडेल. लोकरीचा आणखी एक गुण असा, की ती आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश इतकी वाफ शोषून घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही, त्यामुळे आत घाम आला तरी अंग चटकन गार पडत नाही. म्हणूनच १९३०च्या दशकात वैमानिकांसाठी हे जॅकेट निवडले गेले. ब्रिटिश हवाई दलासाठी पॅराशूट बनवणाऱ्या लेस्ली अर्विन यांनी असे जॅकेट तयार केले आणि अमेरिकी लष्कराच्या हवाई विभागाने १९३४ साली बी-३ नावाचे मेंढीच्या कातड्याचे जॅकेट स्वीकारले. त्या काळच्या बॉम्बर विमानांत हवा गरम ठेवण्याची सोय नव्हती आणि उंचावर शून्याखाली ३० अंश आणि त्याहूनही कमी तापमानात माणसांना तासन्‌तास बसून राहावे लागे. आज दुकानात दिसणारी रुंद लोकरी कॉलर आणि तिच्यावरचे पट्टे त्या गरजेतून आलेले आहेत.

पुण्यात रात्री साडेअकराला हिंजवडीहून निघणाऱ्या माणसाला तेवढ्या ऊबेची गरज पडत नाही. असे अस्सल जॅकेट दोन-अडीच किलोपर्यंत भरते, त्याची घडी होत नाही, आणि स्कूटरच्या डिक्कीत तर ते मावतच नाही. सिग्नलला दोन मिनिटे थांबले की मानेवर घाम येतो. बाहेरची मखमली बाजू आपल्या रस्त्यांवरची धूळ पटकन धरते, कॉलरला तेल आणि घाम लागून ती काळी-चिकट होते, आणि त्याची धुलाई घरी करता येत नाही. जे दर वर्षी हिवाळ्यात मनाली, स्पीती किंवा काश्मीरला जातात, किंवा ज्यांची नोकरी उत्तरेत बदलीची आहे, त्यांनी ते जरूर घ्यावे; तिथे त्याचे मोल कळते. आपल्याकडे मात्र कॉलरपुरतीच लोकर असलेले आणि ती कॉलर बटनाने काढता येईल असे जॅकेट मिळाले, तर मानेला ऊब मिळते आणि बाकीचा भार टळतो. दिरांनी शेवटी तेच घेतले.

ज्यांना तरीही लोकरीचेच घ्यायचे आहे, त्यांनी लोकर बोटांनी बाजूला सारून तिचे मूळ पाहावे. खऱ्या मेंढीच्या कातड्यात प्रत्येक केस थेट कातडीतून उगवलेला दिसतो. शेर्पा या नावाने विकल्या जाणाऱ्या मालात मुळाशी विणलेल्या कापडाची जाळी दिसते, कारण ते पॉलिस्टर असते. शेर्पा अस्तर वाईट असते असे नाही, पुण्यासाठी ते पुरेसे ऊबदारही असते. फक्त त्याला मेंढीच्या कातड्याची किंमत मोजू नये.

साध्या चामड्यात आपल्याकडच्या दुकानांत मुख्यतः मेंढी, बकरी आणि म्हैस यांचे चामडे दिसते. मेंढीचे नापा चामडे सर्वांत मऊ असते, अंगावर पहिल्या दिवसापासून सैल पडते आणि वजनाला हलके असते. त्याची जाडी साधारण ०.६ ते ०.८ मिलिमीटर असते. त्याचा दोष असा, की खिळ्याला, काट्याला किंवा गाडीच्या हँडलला अडकले तर ते सहज फाटते. बकरीचे चामडे तेवढेच हलके, पण जास्त चिवट असते आणि त्यावर बारीक दाणा स्पष्ट दिसतो. म्हशीचे चामडे जाड, जड आणि टिकाऊ असते, मात्र ते अंगाला सरावायला वेळ घेते. रोज दुचाकीवरून जाणाऱ्या पुणेकराला मी बकरीचे सुचवते. रोजच्या वापरात ते खरचटले तरी फाटत नाही, आणि ऊन वाढल्यावर काढून हातावर टाकले तरी ओझे वाटत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ही जॅकेटे वारा अडवण्यासाठी आहेत, अपघातात अंग वाचवण्यासाठी नाहीत. ज्यांना महाबळेश्वर, ताम्हिणी किंवा त्याहून लांब मोटारसायकलवर जायचे असते, त्यांना रस्त्यावर घासले गेले तरी तग धरणारे जाड चामडे आणि खांदे, कोपर व पाठ यांना संरक्षक पॅड असलेले खास रायडिंग जॅकेटच घ्यायला हवे. त्यासाठी ईएन १७०९२ आणि पॅडसाठी ईएन १६२१ ही युरोपीय मानके आहेत. लेबलवर ती लिहिलेली असतात. फॅशनच्या जॅकेटवर चेनी आणि पट्टे कितीही असले तरी त्याने हे काम होत नाही.

चामडे खरे आहे की नाही हे ओळखण्यासाठी काडेपेटी ओढून दाखवणारे विक्रेते मी पाहिले आहेत. त्या प्रयोगावर विसंबू नये, कारण वरचा रंगाचा थर खऱ्या चामड्यावरही जळतो आणि नकली मालावरही आग-प्रतिबंधक लेप असू शकतो. याबाबतीत मला सर्वांत जास्त शिकवले ते कॅम्पातल्या एका जुन्या दुकानदारांनी. त्यांनी टांगलेले एक तपकिरी जॅकेट काढले, काउंटरवर उलटे पसरले आणि आतल्या खिशाची कड दोन बोटांत धरून माझ्यासमोर वाकवली. "ताई, वरून सगळी सारखीच दिसतात. कड बघा," ते म्हणाले. कापलेल्या कडेला मऊ, विस्कटलेले तंतू होते, रंग आतपर्यंत गेलेला होता, आणि जिथे चामडे वाकले तिथे बारीक सुरकुत्या पडून सोडल्यावर हळूहळू नाहीशा झाल्या. मग त्यांनी शेजारचे दुसरे जॅकेट तसेच धरले. त्याची कड सुरीने कापलेल्या प्लास्टिकसारखी सपाट होती. वर चकचकीत पातळ पापुद्रा आणि खाली पांढरट कापड, असे दोन थर वेगवेगळे दिसत होते. मी काही विचारण्याआधीच ते म्हणाले, "हे पण विकतो मी, पण सांगून विकतो. दोन पावसाळे काढेल."

दोन पावसाळे हा त्यांचा हिशेब शास्त्राला धरून आहे. पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा जो लेप नकली चामड्यावर असतो, तो हवेतल्या दमटपणामुळे हळूहळू विघटित होतो, आधी चिकट होतो आणि मग त्याचे पापुद्रे सुटू लागतात. कपाटात बंद ठेवलेले, फारसे न वापरलेले जॅकेट बाहेर काढल्यावर त्याचे कपटे पडतात, ते यामुळेच. चामड्याचा भुसा चिकटवून बनवलेल्या बाँडेड लेदरचेही असेच होते, आणि त्याच्या लेबलवर ‘लेदर’ हा शब्द असल्यामुळे ग्राहकाची जास्त फसगत होते. म्हणून लेबलवर नुसते लेदर लिहिले असेल, तर कोणत्या जनावराचे आणि वरचा अखंड थर आहे का, हे दोन्ही विचारावे. अस्सल चामड्यावरची छिद्रे आणि दाणे एकसारखे नसतात, पाठीच्या भागात दाट आणि पोटाच्या भागात सैल असतात. दोन बाह्यांचा पोत तंतोतंत जुळत असेल, तर तो साच्यातून उठवलेला असण्याचा संभव जास्त.

वास आणि कडकपणा यांवरून निष्कर्ष काढताना मात्र जपून. आपल्याला चामड्याचा परिचय कोल्हापुरी चपलेतून झालेला असतो, आणि ते चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले असल्यामुळे कडक आणि उग्र वासाचे असते. जॅकेटचे चामडे बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात, त्यामुळे ते मऊ असते आणि त्याला तसा वास येत नाही. वास नाही म्हणजे नकली, असे समजून चांगले जॅकेट बाजूला ठेवणारे लोक मी पाहिले आहेत.

माप हा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि दुकानातल्या आरशासमोर ताठ उभे राहून तो कळत नाही. जॅकेट घालावे, चेन गळ्यापर्यंत लावावी, एखाद्या खुर्चीवर बसावे आणि हँडल धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करावेत. बाही मनगटाच्या वर सरकली तर तिथून वारा थेट कोपरापर्यंत जातो. पाठीमागे जॅकेट वर चढून कंबर उघडी पडली तर तीच गत. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बसायला हवी. चामडे वापराने कोपराला आणि पाठीला थोडे सैल होते, पण खांद्याची रुंदी आणि बाहीची लांबी वाढत नाही. आत कोणता स्वेटर घालणार आहोत, तोच अंगात घालून दुकानात जावे. चेनच्या मागे चामड्याची किंवा कापडाची पट्टी आहे का तेही पाहावे, कारण चेनच्या दातांमधून येणारा वारा छातीला सर्वांत आधी जाणवतो. हेल्मेट घालणाऱ्यांना रुंद, दुमडणारी कॉलर मान वळवताना आड येते. त्यांना बटन असलेली उभी, आखूड कॉलर सोयीची.

बायकांसाठी शिवलेली बहुतेक जॅकेटे कमरेच्या वर संपतात आणि त्यांचे खिसे मोबाइलही मावणार नाही इतके उथळ असतात. कुर्त्यावर घालायचे असेल तर लांबी आणखी महत्त्वाची ठरते. मला स्वतःला पुरुषांच्या विभागातले लहान मापाचे जॅकेट लांबीला बरोबर बसले, छातीला थोडे सैल होते ते ओळखीच्या कारागिराकडून दोन्ही बाजूंनी आत घेतले. मात्र चामड्याला सुईचे छिद्र पडले की ते बुजत नाही, त्यामुळे हे काम कापडी कपडे शिवणाऱ्याकडे न देता चामड्याचे काम करणाऱ्याकडेच द्यावे.

अस्तराबद्दल थोडक्यात सांगते. पुण्यात रजईसारखे भरलेले अस्तर नको. ते काढता येणारे असेल तरच घ्यावे. साधे व्हिस्कोस किंवा सुती अस्तर चालते. बाहीच्या आत मात्र गुळगुळीत अस्तर हवे, नाहीतर प्रत्येक वेळी स्वेटरची बाही वर गोळा होते. रंगाबाबत मी तपकिरीच्या बाजूची आहे, कारण आपल्या धुळीत काळा रंग फार लवकर मळकट दिसतो.

अनेक घरांत चामड्याची वस्तू वापरत नाहीत, आणि त्यामागची भावना मला पूर्णपणे मान्य आहे. माझ्या सासूबाई माझे जॅकेट देवघराच्या खोलीत येऊ देत नाहीत, आणि मीही ते बाहेरच्या खुंटीला टांगते. ज्यांना चामडे नको आहे, त्यांनी पीयूच्या नकली चामड्यावर पैसे घालवण्यापेक्षा दाट विणीचे नायलॉनचे विंडचीटर आणि आत लोकरीचा स्वेटर घ्यावा. वारा अडवण्याचे काम ते तितकेच नीट करते आणि पावसाळ्यात खराबही होत नाही. थंडीत स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटी लोकांच्या स्टॉलवर चांगले लोकरी स्वेटर रास्त दरात मिळतात.

चामड्याची खरी कसोटी आपल्याकडे थंडीत लागत नाही, ती जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत लागते. फेब्रुवारी संपता संपता जॅकेट मऊ कापडाने पुसावे, किंचित ओलसर कापडाने कॉलर आणि मनगटाच्या कडा स्वच्छ कराव्यात, सावलीत वाळवावे आणि लेदर कंडिशनरचा अगदी पातळ हात द्यावा. खोबरेल तेल लावण्याचा मोह टाळावा. चामडे त्याने डागाळते आणि दमट हवेत बुरशीला आमंत्रण मिळते. रुंद खांद्याच्या हँगरवर, जुन्या सुती चादरीच्या किंवा साडीच्या खोळीत ते टांगावे, प्लास्टिकच्या पिशवीत कधीही बांधून ठेवू नये. पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा बाहेर काढून पंख्याखाली वारा द्यावा. पांढरी बुरशी दिसलीच तर घराबाहेर नेऊन कोरड्या कापडाने झटकावी आणि ते कापड टाकून द्यावे. लोकरीच्या कॉलरला कसर लागते, म्हणून ती वेगळी काढून डांबर गोळ्यांसह ठेवावी, पण त्या गोळ्या चामड्याला चिकटून राहणार नाहीत असे पाहावे. थंडीच्या दिवसांतही उतरल्यावर जॅकेट दिवसभर डिक्कीत कोंबून ठेवू नये, कारण तिथल्या उष्णतेने चामडे कोरडे पडते आणि घडीवर चिरा जातात.

खरेदीसाठी मला डिसेंबरपेक्षा सप्टेंबर-ऑक्टोबर बरा वाटतो. तेव्हा दुकानात गर्दी नसते, दुकानदार चार जॅकेटे उलटी करून दाखवतो आणि मापाने शिवून घ्यायचे असेल तर कारागिरालाही सवड असते. कॅम्पात महात्मा गांधी रस्त्याच्या परिसरात चामड्याच्या मालाची दुकाने आहेत. मुंबईला जाणे होत असेल तर धारावीच्या चामडे बाजारात पर्याय अधिक मिळतात. ऑनलाइन घेताना कड वाकवून पाहता येत नाही, म्हणून परत करण्याची सोय असल्याशिवाय मी कोणाला तो मार्ग सुचवत नाही. आणि घेताना चेन दहा वेळा वर-खाली करून पाहावी. जॅकेटमध्ये सर्वांत आधी खराब होते ती चेनच, पण ती शिवण उसवून जुन्याच छिद्रांतून नवी बसवता येते, आणि जाड धातूची चांगली चेन बसवून घेतली तर तेच जॅकेट पुढची अनेक वर्षे वापरता येते.